पाटी वाचणारी गाडी

नमस्कार. क्रूझ कंट्रोल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरला असेल. वेग एकदा ठरवून दिला की पाय काढून घ्यायचा, गाडी तोच वेग धरून चालते. 1958 साली क्रायस्लरच्या गाड्यांत हे यंत्र आलं. ते बनवणारे राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते. पुढे कित्येक वर्षं या यंत्राला एकच आकडा कळायचा, चालकाने दिलेला. आता ते आकडा रस्त्याकडून घेऊ लागलं आहे.

समोरच्या काचेमागचा कॅमेरा वेगमर्यादेची पाटी वाचतो. गाडीतल्या नकाशातही त्या रस्त्याची मर्यादा नोंदलेली असते. दोन्ही ताडून पाहिलं जातं आणि शंभरावर चाललेली गाडी 80 ची पाटी आली की स्वतःहून 80 वर येते. काही गाड्या आधी चालकाची संमती घेतात.

युरोपीय संघात 7 जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची आहे. कंपनी ठरवेल त्याप्रमाणे ही यंत्रणा आवाज करू शकते, पेडल थरथरवू शकते, पेडल पायाला उलटं रेटू शकते किंवा गाडीचा वेगच आवरू शकते. चालक ॲक्सिलरेटर दाबून तिच्यावर मात करू शकतो. यंत्रणा बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताच ती पुन्हा जागी होते. एवढा आग्रह का? जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. मला हा आग्रह पूर्ण मान्य आहे.

पण पाटी वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. जर्मनीत गावाच्या वेशीवर पिवळी पाटी असते. तिच्यावर फक्त गावाचं नाव, आकडा कुठेच नाही, तरी तिथून 50 ची मर्यादा लागू होते. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, कधी 80 च्या पाटीखाली छोटी पट्टी असते: ‘रस्ता ओला असताना’. म्हणजे कॅमेऱ्याला पाऊसही कळायला हवा. बाहेर पडणाऱ्या फाट्यावरची 60 ची पाटी सरळ जाणाऱ्या गाडीने आपली समजली, तर 130 वरून ती मंदावू लागते आणि मागच्याला काहीच अंदाज नसतो. फ्रान्समध्ये ट्रकच्या पाठीवर त्या ट्रकच्या मर्यादेचे गोल आकडे चिकटवलेले असतात, तेही कॅमेऱ्याला दिसतात.

2020 साली अमेरिकेत मॅकॅफी या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ताशी 35 मैलांच्या पाटीवर काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला. तीनच्या आकड्याची मधली रेघ जराशी लांबली, एवढंच. 2016 सालच्या टेस्लाने ते 85 वाचलं आणि क्रूझ कंट्रोल वेग वाढवू लागला. म्हणून माझं ठाम मत आहे: वेग उतरवताना यंत्राने ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक सहसा मारू नये, आणि वेग वाढवायचा असेल तर चालकाने बटण दाबल्याखेरीज वाढवू नये. चुकीचा 60 त्रास देईल, चुकीचा 85 जीव घेईल.

आपल्याकडे 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या मोटारी 80 ओलांडताच टुंगटुंग करतात आणि 120 नंतर सतत वाजतात. पण त्या आवाजाला रस्ता कळत नाही. मोटारींना 120 ची मुभा असलेल्या समृद्धी महामार्गावर तो वाजतो आणि शाळेसमोरून सत्तरने जाणाऱ्या गाडीत गप्प बसतो. नेमकी हीच उणीव पाटी वाचणारं यंत्र भरून काढू शकतं, फक्त पाटी खरी हवी. काम संपलं तरी डायव्हर्जनची 20 ची पाटी उभी, दुसरी फांदीआड गेलेली, तिसरीवर कुणाच्या वाढदिवसाचं पोस्टर. माणूस हे अंदाजाने निभावून नेतो. यंत्र नेणार नाही.

स्वीडनमध्ये रस्त्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची वेगमर्यादा तिच्यात असते, आणि ती सर्वांसाठी खुली आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 112 व्या कलमाखाली मर्यादा ठरतात, 116 व्या कलमाखाली पाट्या लागतात. निघालेला प्रत्येक आदेश त्याच दिवशी अशा खुल्या नकाशात चढावा आणि मुदत संपली की तिथूनही उतरावा, पाटीही उतरावी. हे करायला गाडीच्या कंपनीची वाट पाहावी लागत नाही. तुमच्यापैकी जे महापालिकेत किंवा बांधकाम खात्यात आहेत, त्यांनी आपल्या हद्दीतल्या एका रस्त्यापासून सुरुवात करावी, ही माझी विनंती.