फोन कोण उचलणार?

(दृश्य : पहाटे पावणेपाच. कॅनडा. टोरांटोशेजारचं ब्रॅम्प्टन शहर, स्टील्स अव्हेन्यूवरचा बसथांबा. बर्फ.)

बस यायला अजून सात मिनिटं आहेत. थांब्यावर पाच जण उभे आहेत, कुणी कुणाशी बोलत नाही. त्यांच्या पायांकडे बघा. प्रत्येकाच्या बुटावर घोट्याजवळ एक छोटा हिरवा त्रिकोण दिसेल. पुढे बोटांवर कडक टोपी आहे आणि तळातून खिळा वर येणार नाही, एवढंच सांगणारी ती खूण. ती नसेल तर इथल्या बऱ्याच गोदामांत दारातूनच परत पाठवतात. या देशात आल्यावर अनेकांची पहिली खरेदी म्हणजे हे बूट.

डावीकडून दुसऱ्या उभ्या आहेत त्या बाई पुलांची डिझाइनं तपासायच्या. तेरा वर्षं. सध्या खोक्यांवरचे बारकोड स्कॅन करतात. त्यांचं आणि गोदामाचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. ही त्यांची अट होती आणि मला ती रास्त वाटली.

(दृश्य : घर. जेवणाच्या टेबलावर निळी फाइल.)

ही फाइल त्यांनी विमानात सामानात टाकली नाही, मांडीवर घेऊन आल्या. पदवी, गुणपत्रिका, तीन कंपन्यांची रिलीव्हिंग लेटरं, अनुभवाचे दाखले, सगळं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. प्लॅस्टिकच्या एकेका पाऊचमध्ये एकेक कागद. पदवीचं मूल्यांकन आधीच झालेलं होतं, नाहीतर एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुण मोजून स्थलांतरित निवडायच्या इथल्या पद्धतीत, गुण मिळालेच नसते. म्हणजे या देशानं त्यांचं शिक्षण मोजलं, वय मोजलं, इंग्रजी मोजलं आणि म्हटलं, या.

आठ महिन्यांत या फाइलमधला एकही कागद कुणी बघायला मागितला नाही.

मी इथे आलो तेव्हा माझंही असंच झालं होतं, म्हणून त्या हसल्या तेव्हा मला ते हसू ओळखता आलं. आपल्याकडे विश्वास कागदावर चालतो. शिक्का असला की माणूस खरा. इथे कागद कुणी फारसा उघडत नाही, फोन करतात. अर्जाच्या शेवटी तीन माणसांसाठी तीन रकाने असतात, प्रत्येकात नाव, नातं, फोन नंबर. रेफरन्स. तुमच्याबरोबर काम केलेला, तुमच्याबद्दल दोन मिनिटं बोलू शकेल असा माणूस. आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

बाईंनी आधीच्या साहेबांचा नंबर दिला होता. टोरांटोतल्या एचआरनं हिवाळ्यात दुपारी दोनला फोन लावला, की तिकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. अनोळखी परदेशी नंबर, मध्यरात्र. कोण उचलणार? समजा उचललाच, तर आपले साहेब म्हणणार, "हो हो, व्हेरी गुड, व्हेरी सिन्सिअर." इथल्या माणसाला हवं असतं की साइटवर वाद झाला तेव्हा ही बाई काय म्हणाली, चूक सापडली तेव्हा कुणाला आणि कधी सांगितलं. व्हेरी गुडनं त्याचं पोट भरत नाही.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. पाठवलेल्या अर्जांची यादी.)

'कॅनेडियन एक्स्पिरियन्स' हा शब्द इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच ऐकू येतो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ऑन्टारिओ या इथल्या प्रांताच्या मानवी हक्क आयोगानं 2013 मध्येच सांगितलं होतं की अशी सरसकट अट प्रथमदर्शनी भेदभावच आहे. पण धोरण आलं म्हणून सवय जात नाही. मे 2023 मध्ये इथल्या इंजिनियरांना परवाना देणाऱ्या संस्थेनं, म्हणजे प्रोफेशनल इंजिनियर्स ऑन्टारिओनं, परवान्यासाठीची बारा महिन्यांच्या कॅनेडियन अनुभवाची अट काढून टाकली. देशात असं करणारी ती पहिली. आणि 1 जानेवारी 2026 पासून ऑन्टारिओत 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला नोकरीच्या जाहिरातीत किंवा तिच्या अर्जात ही अट लिहिताच येत नाही. मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही हे 45 दिवसांत कळवावं लागतं. हे शेवटचं मला फार आवडलं. नकार पचतो, पण मुलाखतीनंतरची शांतता पचत नाही.

मात्र जाहिरातीत लिहिता येत नाही म्हणून मनातून थोडंच जातं? टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी याची सरळ परीक्षाच घेतली. टोरांटोतल्या जाहिरातींना हजारो काल्पनिक रिझ्युमे पाठवले. शिक्षण इथलं, अनुभव इथला, फरक फक्त नावाचा. इंग्रजी नावांना चिनी, भारतीय आणि पाकिस्तानी नावांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त बोलावणी आली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : परदेशी पदवीला इथल्या पदवीची जोड दिल्यानं फारसं काही हललं नाही. अनुभव इथला असेल तर फोन वाढले. म्हणून आल्या आल्या हजारो डॉलर भरून कुठल्याही कॉलेजच्या डिप्लोमाला बसू नका, असं मी ओळखीच्यांना सांगतो. काही जण ऐकतात.

(दृश्य : पुन्हा गोदाम, बाहेरून. शिफ्ट बदलतेय.)

आता या कामाबद्दल. सगळे त्याला 'सर्व्हायव्हल जॉब' म्हणतात, थोडं खाली बघून. इथला किमान पगार ऑक्टोबर 2025 पासून तासाला 17.60 डॉलर आहे. त्यात ब्रॅम्प्टनमध्ये भाडं आणि किराणा जेमतेम बसतो. हे काम बहुतेकांना एजन्सीमार्फत मिळतं. ऑन्टारिओत 1 जुलै 2024 पासून अशा एजन्सीला परवाना लागतो, आणि काम लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. माझ्या वेळी एका एजन्सीनं 'नोंदणी'चे दीडशे डॉलर घेतले होते. मी दिले. परत मागायची हिंमत झाली नाही.

पण बाईंनी या गोदामात एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. एका ठिकाणी रॅकची रांग आणि फोर्कलिफ्टची वाट सारखी एकमेकांत यायची. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आराखडा काढला आणि सुपरवायझरला दाखवला. त्यानं तो भिंतीला लावला. पुढच्या आठवड्यात वाट बदलली. बढती नाही, पगारवाढ नाही. पण त्यांनी त्याला विचारलं, "तुमचा नंबर अर्जात देऊ का?" तो म्हणाला, "द्या की!"

रेफरन्सचा पहिला रकाना भरला. टोरांटोतला नंबर, टोरांटोच्या वेळेत उचलला जाणारा.

दुसरा शनिवारी मिळाला. गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या एका फूड बँकेत त्या डबे लावायला जातात, तिथली समन्वयक दर शनिवारी त्यांना बघते. तिला पुलांमधलं ओ की ठो कळत नाही. पण ही बाई नऊची वेळ सांगितली की पावणेनऊला हजर असते, हे तिला ठाऊक आहे.

इथे 'नेटवर्किंग' म्हटलं की आपल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. ओळख काढणं म्हणजे वशिला, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. मलाही ते लाचारीचं वाटायचं. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या सुमारास अमेरिकेत नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की हे काम कुणाकडून कळलं? ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी बहुतेकांचा सांगणारा जिवलग नव्हता, अधूनमधून भेटणारा होता. कारण साधं आहे. जवळच्यांना आपल्याला असते तेवढीच माहिती असते. आपलं मंडळ, आपला व्हॉट्सॲप ग्रुप, तिथे सगळे एकच जाहिरात एकमेकांना पाठवत बसतात.

(दृश्य : चौथा दिवस. तेच टेबल. अर्ज उघडलेला.)

चित्रीकरणाचा शेवटचा दिवस. बाई एका सल्लागार कंपनीचा अर्ज भरत होत्या. पद कनिष्ठ, पण काम पुलांचं. तिसऱ्या रकान्यावर बोट थांबलं. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"तुमचा नंबर टाकू?"

मी गडबडलो. म्हटलं, "अहो, पण तुमचं काम मी कुठे पाहिलंय?"

"चार दिवस पहाटे साडेचारला तुमच्या आधी थांब्यावर कोण होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा चालूच होता, तो स्टँडवर लावला आणि नंबर सांगायला लागलो. मधेच थांबून म्हटलं, दुपारी दोनला मी फोन उचलतो, तसं बाजूला लिहा.