दोनदा हललेलं घर

(दृश्य: ट्रेलरची चाकं, अगदी जवळून. दुतर्फा माणसं. आवाज फक्त चाकांचा. निवेदन सावकाश सुरू.)

10 फेब्रुवारी 2023. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं विल्यम्सबर्ग. वरात निघावी तसे लोक रस्त्याच्या कडेला उभे आहेत, आणि मधून माणसाच्या चालीनं एक घर निघालंय.

लाकडी, दीड मजली. खरं सांगायचं तर दिसायला काही खास नाही. शेजारून गेलात तर मान वळवून पाहणार नाही. आणि नेमकं तेच झालं होतं. वर्षानुवर्षं लोक शेजारून गेले.

(दृश्य: घर वळण घेतं. पूर्ण वळेपर्यंत निवेदन नाही.)

हे घर याआधीही एकदा हललंय. 1930 मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजजवळ वसतिगृह बांधायचं होतं. वाटेत हे आलं, म्हणून उचलून त्याच प्रिन्स जॉर्ज रस्त्यावर थोडं पुढे नेऊन ठेवलं. तेव्हा कुणी बघायला जमलं नव्हतं.

(दृश्य: ग्रंथालय. पानं उलटणारे हात.)

याचा माग लागला तो 2004 मध्ये. टेरी मायर्स हे याच कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. विषय व्हिक्टोरियन काळातली कविता. अमेरिकेचा इतिहास हा काही त्यांचा प्रांत नव्हे. एका जुन्या रहिवाशाच्या आठवणी वाचताना त्यांना एक उल्लेख दिसला: अठराव्या शतकातलं एक घर गावातच दुसरीकडे हलवलं होतं. ते गेलं कुठे? दुसऱ्या कुणी पान उलटलं असतं. मायर्स तिथेच थांबले. त्या घरात एकेकाळी एक शाळा भरत असावी, असा त्यांना संशय आला. पुढची सोळा-सतरा वर्षं थांबले म्हणा ना.

आता या गावाची गंमत बघा. विल्यम्सबर्ग म्हणजे जुन्या अमेरिकेचं जिवंत संग्रहालय. 1926 पासून, रॉकफेलर या धनाढ्य अमेरिकन घराण्याच्या पैशानं, इथली एकेक इमारत शोधून, मोजून पुन्हा उभी केलेली. एवढे जाणकार डोळे गावात, आणि हे घर कॉलेजच्या लष्करी प्रशिक्षण विभागाचं कार्यालय म्हणून वापरात!

(दृश्य: छताखालचे वासे. गिरमिट लाकडात शिरतं. भुसा.)

कागदावरून संशय येतो, खात्री पटवायला लाकूडच लागतं. झाड दरवर्षी खोडात एक वळं धरतं. पाऊसपाणी बरं झालं तर रुंद, दुष्काळ पडला तर केसाएवढं. एकाच टापूतल्या झाडांमध्ये चांगल्या-वाईट वर्षांचा क्रम सारखाच उमटतो. त्यामुळे वाशातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, घासून गुळगुळीत करायची, वळी मोजायची आणि त्या भागाच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवत जायची. सालीलगतचं शेवटचं वळं शाबूत असेल तर झाड कधी पडलं, तेही सांगता येतं.

(दृश्य: कांडी भिंगाखाली. वळी स्पष्ट.)

2020 मध्ये उत्तर आलं. ही झाडं 1759च्या हिवाळ्यात किंवा 1760च्या वसंतात तोडलेली. आणि ज्या शाळेचा शोध चालला होता, ती भरली 29 सप्टेंबर 1760 रोजी.

ब्रे स्कूल. काळ्या मुलांची शाळा. बहुतेक मुलं गुलाम, थोडी स्वतंत्र.

(दृश्य: संग्रहालयातली शिक्षिका, त्या काळच्या वेशात. बाकावर शाळेच्या सहलीला आलेली मुलं.)

काढली कुणी? लंडनच्या एका अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, धर्मादाय मंडळानं. विल्यम्सबर्गचं नाव सुचवलं बेंजामिन फ्रँकलिन यांनी. शिकवायला अ‍ॅन वेजर नावाची गोरी विधवा बाई, वर्षाला 20 पौंडांवर. एका वेळी तीसेक मुलं, साधारण तीन ते दहा वर्षांची. बाई शेवटपर्यंत एकटीच शिकवत होत्या. चौदा वर्षांत तीनशे ते चारशे मुलं त्यांच्या हाताखालून गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

उपकार म्हणून ही शाळा निघाली, असं कुणाला वाटायला नको. बायबल वाचावं, प्रार्थना म्हणावी, मुलींनी शिवण-विणकाम शिकावं आणि सगळ्यांनी मालकाच्या आज्ञेत राहावं, हा इथला अभ्यासक्रम. गुलामगिरी ही देवाचीच इच्छा, हे मुलांच्या गळी उतरवायला अक्षरओळख हवी होती. खुद्द कॉलेजनंही आपल्या मालकीची दोन मुलं इथं पाठवली. अ‍ॅडम आणि फॅनी.

(दृश्य: तळहातावर करड्या रंगाची बारीक कांडी. कॅमेरा हलत नाही.)

ही ओळखायला आपल्याला तज्ज्ञ लागत नाही. पाटीवरची पेन्सिल. घर मूळ जिथं उभं होतं, तिथल्या खोदकामात असे तुकडे मिळाले. इथं वाचन शिकवत, हे कागदोपत्री आहे. लिहायला शिकवत होते का, याबद्दल कागद गप्प आहेत. हा तुकडा मात्र तितका गप्प वाटत नाही.

(दृश्य: वीटभट्टीचं अंगण. चिखलाच्या खड्ड्यात अनवाणी मुलं. हसण्याचा आवाज ठेवा.)

ही आजची मुलं. पर्यटक. विल्यम्सबर्गच्या या अंगणात विटा अजून हातानंच थापतात. माती भिजवायची आणि पायांनी तुडवायची, खडा लागेनासा होईपर्यंत. मग गोळा उचलून साच्यात आपटायचा. हळू ठेवून चालत नाही, कोपरे रिकामे राहतात. वरची माती निपटायची, साचा उलटा करायचा आणि अलगद उचलायचा. कच्ची वीट उन्हात सुकते, आणि शरदात भट्टी लागली की काही दिवस-रात्र माणसं आळीपाळीनं लाकडं सारत बसतात.

(दृश्य: रात्रीची भट्टी. ज्वाळा.)

इथं थापलेल्या विटा ब्रे स्कूलच्या कामाला गेल्या. मुलांना कारागीर हेही सांगतात की त्या काळी हा चिखल तुडवणारे पाय बहुतेक गुलामांचे असत. सांगतात आणि पुढचा गोळा साच्यात आपटतात. भाषण नाही. इतिहास शिकवायची ही तऱ्हा मला तरी पटते.

(दृश्य: ब्रे स्कूल लॅब. पडद्यावर जुन्या हस्ताक्षरातली यादी.)

कॉलेजात आता ब्रे स्कूल लॅब आहे. मॉरीन एल्गर्समन ली या इतिहासाच्या अभ्यासक तिच्या संचालक. विद्यार्थी जुनी पत्रं उतरवून घेतात, वंशजांशी बोलतात. शाळेच्या तीनच याद्या उरल्या आहेत: 1762, 1765 आणि 1769च्या. त्यांत 86 नावं. बहुतेकांना आडनाव नाही. मुलाच्या नावापुढे मालकाचं नाव.

(दृश्य: यादीवरून बोट खाली सरकतं. थांबतं.)

आयझॅक बी हा याच शाळेतला. 1774च्या सप्टेंबरात ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये त्याच्याबद्दल जाहिरात आली, पळून गेलेला गुलाम म्हणून. मालक लिहितो: आपला बाप स्वतंत्र होता, म्हणून आपल्यालाही स्वातंत्र्याचा हक्क आहे असं याला वाटतं. आणि पुढे: त्याला वाचता येतं.

(दृश्य: जाहिरातीचा कागद. पाच सेकंद. संगीत नको.)

अ‍ॅन वेजर त्याच वर्षी वारल्या, शाळा बंद पडली. घर आता नॅसॉ आणि फ्रान्सिस रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. 2025च्या जूनमध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

(दृश्य: रिकामी खोली. दारातून वंशज आत येतात. 86 नावं पडद्यावर एकेक करून उमटतात. निवेदन नाही.)