कंपनी बंद पडली, लावेर्दा मात्र पळतेय

डुकाटी म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. लावेर्दा म्हटलं की आपल्याकडे सांगावं लागतं, ही पण इटलीचीच मोटरसायकल, आणि एके काळी डुकाटीला घाम फोडणारी. मला सांगायचंय ते तिच्या मालकांच्या क्लबबद्दल, इंटरनॅशनल लावेर्दा ओनर्स क्लबबद्दल. पण आधी गाडीबद्दल थोडं बोलतो, कारण असा क्लब कशाला लागतो हे गाडी कळल्याशिवाय कळत नाही.

उत्तर इटलीत विचेंझाजवळ ब्रेगान्झे म्हणून गाव आहे, द्राक्षांचं आणि वाइनचं. तिथे पिएत्रो लावेर्दांनी 1873 मध्ये शेतीची अवजारं बनवायचा कारखाना काढला. त्यांचा नातू फ्रान्चेस्को, त्याने 1949 मध्ये 75 सीसीची छोटीशी मोटरसायकल बनवली, आणि ती मिलान-तारांतोसारख्या लांब पल्ल्याच्या रेसमध्ये पळाली, तिच्या वर्गात जिंकली. पुढे फ्रान्चेस्कोचा मुलगा मास्सिमो याने मोठ्या गाड्यांचा नाद धरला. 1966 मध्ये लंडनच्या शोमध्ये 650 सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, दाखवली, 1968 मध्ये तिचीच 750 झाली. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या घराण्याची गाडी, त्यामुळे सगळं दणकट, गरजेपेक्षा जाड. आणि एक हुशारी अशी की जे आपल्याला नीट जमत नाही ते सरळ बाहेरून घ्यायचं, इलेक्ट्रिकचं काम बॉशचं, मीटर जपानी निप्पॉन डेन्सोचे. त्या काळी इटालियन गाड्यांचं वायरिंग बदनाम होतं हे लक्षात घ्या म्हणजे याची किंमत कळेल.

मग आली तीन सिलिंडरची 1000, प्रत्यक्षात 981 सीसी. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) 180 डिग्रीचा, म्हणजे बाहेरचे दोन पिस्टन एकत्र वर आणि त्याच वेळी मधला खाली. त्यामुळे आवाज सरळ येतच नाही, लंगडत लंगडत गुरगुरतो, आणि हँडलमधून जे व्हायब्रेशन येतं ते मनगटापर्यंत जाणवतं. 1982 मध्ये 120 डिग्रीचा क्रँक आला, इंजिन रबर माउंटिंगवर बसलं, गाडी गुळगुळीत झाली. मला स्वतःला 180 च आवडते, यावर कुणाशीही रात्रभर वाद घालायला तयार आहे.

1980 च्या दशकात मूळ कंपनी बुडाली. नाव हातोहात फिरत 2000 मध्ये अप्रिलियाकडे आणि 2004 मध्ये पियाजिओकडे गेलं, म्हणजे ज्या पियाजिओचा आपल्या बारामतीत कारखाना आहे, त्यांच्याच तिजोरीत आज लावेर्दाचं नाव आहे. नवीन गाडी मात्र निघत नाही.

आता विचार करा, तुमच्याकडे 1976 ची गाडी आहे आणि तिचे व्हॉल्व्ह वाजायला लागलेत. शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही, फोन कुणाला करणार? हे काम कसं असतं सांगतो. ट्रिपलमध्ये, म्हणजे या तीन सिलिंडरच्या गाडीत, शिम (व्हॉल्व्हचा गॅप जुळवणाऱ्या छोट्या चकत्या) बकेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या, खाली असतात. म्हणजे गॅप फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजायचा, कागदावर लिहून ठेवायचा, मग व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट काढायचे, बकेट उचलायच्या, खालची ती छोटी चकती काढून मायक्रोमीटरने मोजायची, किती जाड किंवा पातळ पाहिजे त्याचं गणित करायचं, आणि मग नेमकी तेवढ्याच जाडीची शिम शोधायची. एकट्याने संपूर्ण सेट घेऊन ठेवणं परवडत नाही. पण एखाद्याच्या गॅरेजमध्ये चार-पाच मेंबर जमले, प्रत्येकाने आपापला शिमचा डबा आणला, की तुझी काढलेली माझ्या गाडीत बसते आणि माझी त्याच्या, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या गाड्या शांत! क्लब म्हणजे माझ्या दृष्टीने हे. रॅली, फोटो, टी-शर्ट हे सगळं छान आहे, मलाही आवडतं, पण ते नसलं तरी चालेल.

हा इंटरनॅशनल क्लब ब्रिटनमधला, आणि त्यालाही कारण आहे. तिथल्या स्लेटर बंधूंनी, म्हणजे ब्रिटनच्या इंपोर्टरनी, कारखान्याच्या मागे लागून जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन, तेज कॅम आणि मोकळा एक्झॉस्ट घालून 3सीएल या तीन सिलिंडरच्या 1000 च्या मॉडेलची जोटा नावाची जास्त वेगवान गाडी करून घेतली. 1976 मध्ये आली तेव्हा ताशी 225 किलोमीटरच्या आसपास जाणारी, रस्त्यावरच्या सगळ्यात वेगवान गाड्यांमधली एक. तिथे तिने रेसिंग गाजवलं म्हणून तिथे तिचे वेडे लोक जास्त. जर्मनी आणि हॉलंडमध्येही जोरदार मंडळी आहेत.

आणि जोटामुळेच क्लबचं दुसरं मोठं काम उभं राहतं. जोटाची किंमत साध्या 3सीएलपेक्षा खूप जास्त, आणि फरक बराचसा इंजिनाच्या पोटात, त्यामुळे कॅम बदलून, स्टिकर लावून जोटा म्हणून विकणारे असतातच. घेणाऱ्याला बाहेरून काय कळणार? तिथे फ्रेम नंबर, इंजिन नंबर, जुनी कागदपत्रं आणि ती गाडी पूर्वी कुणाकडे होती हे ठाऊक असलेली माणसं लागतात. तेव्हा कुणाला परदेशातून अशी गाडी घ्यायची असेल तर आधी मेंबर व्हा, नंबर विचारा, मगच पैसे द्या. जोटाचे पार्ट घातलेली 3सीएल ही काही वाईट गाडी नाही, उलट चालवायला झकास असते, फक्त तिची किंमत 3सीएलचीच द्यायची.