भरतीच्या नावाखाली

[अंधार. मैदान. आधी फक्त पावलांचा आवाज.]

डिसेंबरातली पहाट, सव्वापाच. नाशिकच्या पंचवटीतल्या मीनाताई ठाकरे स्टेडियमबाहेर एक स्कूटी येऊन थांबते. मुलगी तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडते. मग स्वेटर काढते, मग त्याच्या आतला पंजाबी ड्रेसचा टॉप. आत टी-शर्ट असतो. डिकीत भरतीच्या गाईडखाली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्पाइक्स, म्हणजे शर्यतीचे खिळ्यांचे बूट.

"मखमलाबादपासून इथपर्यंत मी क्लासला चाललेली असते," ती म्हणते. "चौकात दूधवाले असतात, सगळे ओळखीचे. काकांच्या कानावर जायला किती वेळ लागतो?"

तिचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. चेहराही नाही. तसं तिच्या काकूंशी ठरलंय. वडिलांशी नाही, काकूंशी. या घरात हो कोण म्हणतं आणि ते हो कोणाचं चालतं, हे कळायलाच आम्हाला दोन चकरा पडल्या. त्यामुळे बराच वेळ तुम्हाला तिचे पायच दिसतील.

[मैदानावर उजाडतंय. मुली वॉर्मअप करताहेत.]

नाशिकच्या कुठल्याही मैदानावर पहाटे जा, पळणाऱ्या मुली दिसतील. दहा जणींना विचारा, कशाला पळता? बहुतेकींचं उत्तर एकच असतं. भरती.

पोलीस भरती हा इथला परवाना आहे. पोरीनं पहाटे घराबाहेर पडायचं तर गावाला सांगता येईल असं कारण लागतं, आणि भरतीसारखं कारण दुसरं नाही. त्यात पगार आहे, खाकी आहे, आणि त्र्यंबक रोडवर पोलीस अकादमी डोळ्यांसमोर उभी आहे. आजीचं म्हणणं तर अगदी सरळ. "वर्दी घाल आधी. मग कुठं उंडारायचं तिथं उंडार."

मुलींच्या मैदानी चाचणीत तीन गोष्टी असतात: ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. सगळे मिळून ५० गुण. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत संपवलं की त्याचे पैकीच्या पैकी २० गुण पदरात. आमची ही मुलगी तेवढंच अंतर २ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास पळते. म्हणजे भरतीपुरतं तिचं पळणं कधीच पुरं झालंय. तरी ती रोज येते, कारण तिची खरी शर्यत १५०० मीटरची आहे. घरी हा आकडा फक्त आईला माहीत आहे. १५०० का, ८०० का नाही, हे आईलाही कळत नाही. "पण ती वेळ सांगते ना, ती मी लिहून ठेवते," आई म्हणाली, आणि गॅसच्या पुस्तकाचं शेवटचं पान दाखवलं.

[घर. भिंतीवरची फोटोफ्रेम, जवळून.]

हा फोटो राज्य स्पर्धेतला. नीट बघा, कमरेच्या खाली कापलेला आहे. मूळ फोटोत ती शेवटच्या वळणावर आहे, शॉर्ट्समध्ये. तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. आत्यांनी लिहिलं, "छान, पण असला फोटो टाकत जाऊ नका." वडील ग्रुपवर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सीबीएस बसस्टँडजवळच्या फोटोवाल्याकडे गेले, प्रिंट काढली, निम्मा फोटो कापून घेतला आणि सोनेरी पट्टीची फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावला. पाय गेले, मेडल राहिलं. हा कौतुकाचा फोटो म्हणायचा की लाजेचा, ते आम्ही त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं का, शंकाच आहे.

तुळशीचं लग्न लागलं की स्थळं सुरू होतात. काकांनी तिचा बायोडाटा टाइप करून आणला. तिनं 'छंद' समोर 'धावणे' लिहिलं होतं. छापून आलं 'वाचन व रांगोळी'. हे सांगताना ती पोट धरधरून हसते. "मला तर रांगोळीची साधी रेघसुद्धा सरळ येत नाही."

[हरसूलचा रस्ता. डोंगर.]

हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर पळाल्या. कांस्य मिळालं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ ला रिओमध्ये मॅरेथॉन. लोकांनी नाव ठेवलं, सावरपाडा एक्स्प्रेस. मागून संजीवनी जाधव आली. चांदवड तालुक्यातली. २०१७ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत, तैपेईला, १०,००० मीटरचं रौप्य तिनं आणलं. त्याच वर्षी मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळाली. सिन्नरची माया सोनवणे लेगस्पिन टाकत २०२२ मध्ये महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजपर्यंत पोहोचली.

ही नावं इथल्या घरांत दोन तऱ्हेनं घेतली जातात. मुलगी म्हणते, "कविताताईंना जमलं की." आणि घरचे म्हणतात, "ती लाखात एक. बाकीच्या कुठं गेल्या?" बाकीच्या कुठं गेल्या हा प्रश्न तसा चांगला आहे, फक्त तो विचारणाराच त्याचं उत्तर असतो.

[दुसरी मुलगी. वसतिगृहाच्या पायऱ्या.]

ही दुसरी. सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहते, ५,००० मीटर पळते. हिला शॉर्ट्सवरून कोणी बोलत नाही. हिच्या बायोडाट्याचीही कोणाला घाई नाही. हिच्या घरचा हिशोब वेगळा आहे.

भात निघालं की सुरगाणा, पेठकडची माणसं मजुरीला खाली उतरतात. दिंडोरीला, निफाडला, द्राक्षबागांत. ऑक्टोबर छाटणी झालेली असते. मग फेल, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढायची, मण्यांची विरळणी करायची, घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. हे सगळं बायकांच्या बोटांचं काम. टोळीत एक बाई कमी म्हणजे एक रोज कमी. आणि क्रॉस कंट्रीचा सीझन नेमका याच दिवसांत येतो.

"आई कधी 'येऊ नको' म्हणत नाही," ती सांगते. "नुसतं विचारते, यंदा किती दिवसांची सुट्टी आहे गं?"

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली होती. दिंडोरीजवळच्या बागेत, कडेला ताडपत्रीच्या झोपडीत राहिली. दिवसभर हात वर करून उभं राहायचं. संध्याकाळी खांदे उचलत नव्हते, तरी पाटाच्या कडेनं पळून आली. नातवंडं सांभाळणारी एक म्हातारी तिथं चूल पेटवत होती. तिनं विचारलं, "कुणी मागं लागलं होतं का?"

[दोघी एकाच मैदानावर. दोघींचे पाय.]

एकीच्या घरी द्राक्षबाग आहे. दुसरीचे आईवडील दुसऱ्याच्या बागेत राबतात. मैदानावर दोघी एकाच पाण्याच्या बाटलीतून पितात. पहिलीकडे स्पाइक्स आहेत पण ते लपवायला लागतात. दुसरीकडे स्पाइक्स नाहीत, शर्यतीच्या दिवशी ती पहिलीचे मागून घेते. एक नंबर मोठे होतात, पुढं कापूस कोंबते. त्यांना शिकवणारे सर म्हणतात, "दोघींचं मिळून एक घर असतं ना, तर पोरगी कुठल्या कुठं गेली असती." मग स्वतःच म्हणतात, "जाऊ द्या, हे कापा."

आम्ही कापलं नाही.

[रविवार. मखमलाबाद. द्राक्षबाग.]

रविवारी मैदान नाही. घरी बागेत विरळणी चालू आहे, माणसं कमी पडताहेत. ती सकाळपासून कात्री घेऊन उभी आहे. घडाला हात लावायचा, आतले दाटलेले मणी टिपायचे, पुढचा घड. मणी पायाशी पडत राहतात, ज्वारीच्या दाण्याएवढे.

चार वाजता बायका चहाला बांधावर बसतात. ती चपला काढून बूट घालते. बागेत दोन ओळींमधली वाट नऊ फुटांची. एरवी त्या वाटेत फवारणीचा ट्रॅक्टर उभा असतो. आज तो बाहेर, विहिरीपाशी लावलाय. कोणी लावला, ती विचारत नाही. वडील चहाचा कप घेऊन मोटारीच्या खोलीपाशी बसलेत, पाठ बागेकडे करून.

ती या टोकाहून त्या टोकाला पळते. चालत परत येते. पुन्हा पळते. अशा दहा खेपा.

आठव्या खेपेला वडील, मागं न बघता, आईला विचारतात, "किती झाल्या?"