तळातून वर आलेलं बेट

पारापातच्या धक्क्यावरून बोट सुटते. समोर पाणीच पाणी. समुद्र म्हणावा, तर वाऱ्याला खारा वास नाही. हे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं टोबा सरोवर. लांबी जवळजवळ 100 किलोमीटर, खोली काही ठिकाणी 500 मीटर. आणि पलीकडे दिसतोय तो हिरवा कडा म्हणजे सामोसिर बेट.

सुमारे 74,000 वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटला. पोट रिकामं झालेली जमीन आत खचली आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं. टोबा त्याआधीही फुटला होता. त्याची राख थेट आपल्या जुन्नरजवळ, कुकडीकाठच्या बोरी गावात सापडते! पुढे खालचा लाव्हारस वर रेटत राहिला आणि सरोवराचा तळच उचलला गेला. तोच हा सामोसिर.

बेटावरच्या तुकतुक गावात सायकल भाड्याने घ्यायची. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला भातखाचरं. चढ आहेत, पण सरोवरच 900 मीटर उंचीवर असल्यामुळे हवा गार. फार दमलात, तर सरळ पाण्यात उडी मारा.

अंबारिता गावात इथल्या मूळच्या बातक लोकांची जुनी घरं ओळीने उभी आहेत. होडीसारखी दोन्ही टोकांना उचललेली छपरं. पूर्वी ताडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली, आता बरीचशी पत्र्याची. दार इतकं बुटकं की पाहुण्याला वाकूनच आत जावं लागतं. दर्शनी फळीवर लाकडात कोरलेली पाल आणि तिच्याशेजारी चार स्तन. पाल कुठल्याही भिंतीला चिकटते, तसा बातक माणूस कुठेही रुजतो. पण आईला विसरत नाही.

अंगणातल्या झाडाखाली दगडी खुर्च्या आहेत. इथे राजा न्यायनिवाडा करायचा. शिक्षेचं वर्णन गाइड भलतंच रंगवून सांगतात. जेवणाआधी ऐकू नका. तोमोकला राजांच्या दगडी शवपेट्या आहेत, पुढच्या टोकाला मोठाले चेहरे कोरलेल्या. आणि गावोगाव चर्च. 1862 मध्ये नोमेन्सेन हा जर्मन मिशनरी सुमात्रात आला, त्यानंतर बहुतेक टोबा बातक ख्रिस्ती झाले. ढोल आणि गोंग मात्र अजून वाजतात.

पश्चिमेकडे, बेटाच्या पठारावर सिदिहोनी नावाचं तळं आहे. म्हणजे बेटावरच्या सरोवरातल्या बेटावरचं तळं. काठाने म्हशी चरताहेत. एक पाण्यात बसली आहे, नाकपुड्या तेवढ्या वर.