टर्बो गेला म्हणण्याआधी

ही नळी बघा. मागच्या रांगेतून दिसत नसेल म्हणून सांगतो. करंगळीपेक्षा बारीक, काळी, रबरी, आणि मधोमध उंदराने कुरतडलेली. मुलुंडच्या एका काकांच्या डिझेल गाडीतून काढली आहे. कसाऱ्याच्या घाटात गाडीने दम सोडला, ३००० आरपीएमच्या वर काटा जाईना, काका ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर कसेबसे चढले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, टर्बो गेला, साठ हजार तयार ठेवा. कोणी सांगितलं ते सोडा. ही नळी ऐंशी रुपयांना मिळते.

आपल्याकडे पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखाली पाहुणे येतात, हे मुंबईकरांना सांगायला नको. पण एवढ्याशा नळीने गाडी का बसते? बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोच्या आतल्या पट्ट्या कमी-जास्त उघडायचं काम एक अ‍ॅक्चुएटर करतो, आणि तो चालतो व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतली हवा खेचून घेतल्याच्या ओढीवर. नळी फुटली की व्हॅक्यूम गेला, पट्ट्या हलत नाहीत, इंजिनात जाणाऱ्या हवेला दाब मिळत नाही. कॉम्प्युटर घाबरून इंजिनाची ताकद कापतो. टर्बो बिचारा धडधाकट असतो.

टर्बो म्हणजे काय तर एका शाफ्टवर दोन पंखे. एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तत्त्व अजून तेच आहे. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे, छोट्या टर्बोत त्याहून जास्त. आणि बहुतेक गाड्यांत आत बॉल बेअरिंगही नसतं. तो शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेलाचं हे लक्षात ठेवा, शेवटी तिथेच यायचंय.

गाडी आली की लोकांना वाटतं, मी आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावीन. लावतो, पण उशिरा. पी०२९९ हा कोड आला, म्हणजे दाब कमी भरला. का कमी भरला, ते त्याला कुठलं माहीत? म्हणून आधी बॉनेट उघडायचं आणि टर्बोपासून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारी जाळी, इंटरकूलरपासून इंजिन, असा प्रत्येक होज, म्हणजे रबरी पाईप, हाताने चाचपत जायचं. या पाईपांत थोडं तेलाचं ओशटपण असतंच. जिथून हवा फुसकते तिथे ते बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि काळा, चिकट डाग पडतो. डाग होजच्या खालच्या अंगाला असतो, वरून बघणाऱ्याला दिसत नाही. होज दाबा, वाकवा. चीर आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, मिटलेली असते, भार पडला की ओठ उघडावेत तशी उघडते. म्हणूनच जागेवर रेस करून ‘काही नाही साहेब’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. फुसकारा ऐकू येतो, मागे काळा धूर. डिझेल जातंय, हवा वाटेत पळतेय. बीएस ६ गाडीत मात्र धुरावर जाऊ नका, सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर तो पोटात घालतो.

अ‍ॅक्चुएटर बघायची एक सोपी युक्ती. दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा आणि टॉर्च मारून त्याच्या दांडीकडे बघा. व्हॅक्यूमवाल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू होताच दांडी आत ओढली जाते, बंद केलं की परत येते. हललीच नाही तर नळी, सोलेनॉइड म्हणजे व्हॅक्यूम सोडणारी विजेची झडप, अ‍ॅक्चुएटरचा पडदा असा क्रम लावायचा. अडखळत हलली तर आत काजळी. हा खास मुंबईचा आजार. सायनहून अंधेरीला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीत धूर कधी नीट तापतच नाही, पट्ट्यांवर काजळी धरते. मग एक्स्प्रेसवेवर जोरात दाबली की दाब प्रमाणाबाहेर जातो, कॉम्प्युटर ताकद कापतो, गाडी बंद करून चालू केली की पुन्हा पळते. टर्बो उतरवून साफ केला तर बहुधा निभावतं. पट्ट्या कुठवर मिटाव्यात ते ठरवणारा तिथला स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नका, कोणी कितीही हुशार असो.

स्कॅनरमध्ये मला एक आकडा आवडतो. इंजिन बंद, फक्त चावी ऑन, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर काय दाखवतो? मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. महाबळेश्वरला ८६-८७. इथे पार्किंगमध्ये उभी राहून गाडी महाबळेश्वर दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय.

आता खरंच गेलेला टर्बो. निळा धूर, तेल कमी होणं, सायरनसारखी शिट्टी. गार इंजिनावर पाईप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित हलणारच, तो तेलावर तरंगतो म्हटलं ना. पुढे-मागे हलता कामा नये, पंखा कडेला घासता कामा नये. तेल फारच ओढत असेल तर गाडी चालवूच नका. डिझेल इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही.

वीस वर्षांपूर्वी मी असा एक टर्बो बदलला. नवा कोरा. पंधरा दिवसांत गाडी त्याच शिट्टीसह दारात. मी तेलाचा बारीक पाईप जुनाच ठेवला होता. कापून बघितला, तर आत जळलेल्या तेलाचा कोळसा, सुई जाईल एवढीच वाट. दुसऱ्या टर्बोचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून पुरवठ्याचा पाईप नवा, परतीचा साफ, तेल आणि फिल्टर नवे, इंटरकूलरमधलं जुनं तेल ओतून काढलेलं. नाही तर मी हात लावत नाही.

कोळसा होतो कुठे? घाट उतरून-चढून तापलेली गाडी फूड मॉलला वळवली, लगेच चावी बंद, वडापावकडे धाव. तेल जागच्या जागी जळतं. एक मिनिट चालू ठेवा. सोसायटीच्या गेटातून हळूहळू आत आलात तर गरज नाही, टर्बो तोवर निवलेला असतो.

आणि नवा टर्बो बसवला की थेट सुरू करायचं नाही. तेलाच्या तोंडातून आत थोडं तेल सोडायचं, इंजिन सुरू होऊ न देता थोडा वेळ क्रँक करायचं, म्हणजे स्टार्टरने नुसतं फिरवायचं, मग चालू. पहिली दोन मिनिटं अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. गाडीमालक शेजारी उभे राहून ‘रेस देऊन बघा ना’ म्हणतातच. त्यांना मी चहा आणायला पाठवतो.