बुटावरचे मोजे आणि साल्मोनेला

नमस्कार मंडळी. साल्मोनेला, म्हणजे अन्नातून पोटात जाऊन आजारी पाडणारा जंतू, म्हटलं की आपल्याला आठवते ती पेपरातली बातमी, लग्नाच्या जेवणातून विषबाधा, इतके पाहुणे हॉस्पिटलात. मग फूड इन्स्पेक्टर येतो, उरलेल्या जेवणाचा नमुना घेतो, चार दिवसांनी रिपोर्ट येतो, तोवर पाहुणे बरे होऊन घरी पण गेलेले असतात. मला आज बोलायचंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या कामाबद्दल. कोणीही आजारी नाही, कोंबडी धडधाकट आहे, खातीये, अंडी देतीये, आणि तरीही कोणीतरी तिच्या शेडमधे जाऊन नमुना घेतंय. हे काम फार कंटाळवाणं आहे आणि बहुतेक वेळा त्यातून काहीच निघत नाही, पण आडात असेल तर पोहऱ्यात येणारच, त्यामुळे आड तपासायला पर्याय नाही.

आता धडधाकट कोंबडी का तपासायची? इथे लेअरवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे, बसलेत त्यांना कोंबड्यांचे रोग माहितीयेत, पुलोरम म्हणजे पांढरी हगवण, फाउल टायफॉईड पण. ती पण साल्मोनेलाचीच भावंडं, पण ती पक्षी मारतात, म्हणून मालक स्वतःच डॉक्टरला फोन करतो. साल्मोनेला एन्टेरायटिडिस तसा नाही. मोठ्या कोंबडीला तो सहसा काही करत नाही, गुपचूप तिच्या अंडाशयात जाऊन बसतो आणि कवच तयार व्हायच्या आधीच अंड्याच्या आत शिरतो. म्हणजे कवच स्वच्छ, अंडं ताजं, कोंबडी ठणठणीत, आणि आत जंतू. मरतूक नाही, उत्पादन घटलं नाही, मग मालकाला कळणार कसं? नाहीच कळत. आजारी पडतो तो तीनशे किलोमीटरवरचा हाफफ्राय खाणारा.

बरं मग अंडीच तपासू की, असं कोणीतरी म्हणतंच. गणित करून बघा. समजा एका शेडमधे दहा हजारात एक अंडं दूषित आहे. तुम्ही शंभर अंडी फोडून तपासली तर ते सापडायची शक्यता साधारण एक टक्का. म्हणजे नव्व्याण्णव वेळा तुम्ही 'साल्मोनेला नाही' असा सर्टिफिकेट देणार आणि तो चुकीचा असणार. म्हणून युरोपात अंडं सोडून विष्ठेकडे गेले. पिंजऱ्याची शेड असेल तर विष्ठेच्या पट्ट्यावरून दीडशे-दीडशे ग्रॅमचे दोन नमुने, आणि कोंबड्या जमिनीवर मोकळ्या असतील तर बुटावर कापडी मोजे चढवायचे आणि सगळ्या शेडमधून एक चक्कर मारायची, बास. त्या मोज्याला हजारो कोंबड्यांची विष्ठा लागलेली असते, तो मोजा पिशवीत घालून लॅबला. इतकं साधं आणि स्वस्त काम आहे की पहिल्यांदा ऐकणारा हसतो. पिल्लं एक दिवसाची असताना एकदा, अंड्यावर येण्याच्या दोन आठवडे आधी एकदा, मग चोवीस आठवड्यांच्या आसपास आणि त्यानंतर दर पंधरा आठवड्यांनी. परत परत का, तर ही बया रोज जंतू सोडत नाही, कधी सोडते कधी नाही, मोल्टिंग झालं म्हणजे पिसं गळाली, गाडीतून हलवली, ताण आला की जास्त सोडते. एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून राहणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

लॅबमधे काय होतं ते पटकन सांगतो, फूड टेकची मुलं आहेत म्हणून. आधी साध्या पेप्टोन वॉटरमधे ३७ डिग्रीला रात्रभर, कारण जंतू अर्धमेला असतो, त्याला आधी जरा जेवू घालायचं. मग अर्धघट्ट माध्यमावर साडेएक्केचाळीस डिग्रीला, तिथे साल्मोनेला पोहत पोहत पुढे पसरतो आणि बाकीचे मागे राहतात. मग एक्सएलडी नावाच्या माध्यमाच्या प्लेटवर जंतूंची लाल कॉलनी, मधे काळा ठिपका. मग सीरम टाकून प्रकार ओळखायचा. प्रकार २५०० हून जास्त आहेत आणि बऱ्याच जणांना जिथे पहिल्यांदा सापडले त्या गावाचं नाव आहे. त्यात एक साल्मोनेला पूना आहे बरं का, आपलंच पुणे, आणि २०१५ मधे अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांतून ह्याच पूनाने ९०७ जणांना आजारी पाडलं. पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

हे सगळं सुरू कसं झालं तर माणसं मेल्यावर. १९५३ चा उन्हाळा, दक्षिण स्वीडनमधलं अल्वेस्टा, तिथल्या कत्तलखान्यातून निघालेल्या मांसातून जवळपास नऊ हजार लोक आजारी पडले आणि नव्वदच्या आसपास गेले. स्वीडनने तेव्हापासून हा विषय असा धरला की आजपर्यंत सोडलेला नाही. खाद्यापासून सुरुवात, कोंबडीचं खाद्य उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय द्यायचं नाही. खाद्याला इतकं महत्त्व का ते अगोना नावाच्या प्रकाराच्या गोष्टीवरून कळतं. १९७० च्या सुमारास पेरू देशातून फिशमील, म्हणजे सुक्या माशांची भुकटी, जगभर जायला लागलं, स्वस्त प्रोटीन म्हणून, आणि त्याच्याबरोबर साल्मोनेला अगोना अमेरिकेत, ब्रिटनमधे पोचला, आधी कोंबड्यात, मग माणसात. शेड कितीही धुतली तरी पोत्यातून जंतू येत असेल तर काय करणार.

ब्रिटनचं उदाहरण मला जास्त आवडतं कारण त्यात आधी सगळं चुकलं. ३ डिसेंबर १९८८ ला एडविना करी नावाच्या आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री टीव्हीवर म्हणाल्या की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची लागण झालीये. दुसऱ्या दिवसापासून अंड्याचा खप धाडकन खाली, पोल्ट्रीवाले रस्त्यावर, आणि दोन आठवड्यांत बाईंचा राजीनामा. बोलण्यात अतिशयोक्ती होतीच, बहुतेक उत्पादन दूषित नव्हतं, पण एन्टेरायटिडिस पसरत होता हे खरंच होतं. माझं मत विचाराल तर शेडनिहाय आकडे लोकांसमोर असते तर एका वाक्याने एवढा गोंधळ झाला नसता, आकडे नसले की अफवेला आणि मंत्र्याच्या वाक्याला सारखंच वजन येतं. पुढे १९९८ पासून तिथल्या लायन शिक्क्याच्या, म्हणजे अंड्यावर सिंहाची खूण मारायच्या योजनेत कोंबड्यांना साल्मोनेलाची लस बंधनकारक झाली, नमुने, तारखा, शेडचा माग हे सगळं आलं, आणि २०१७ च्या ऑक्टोबरमधे तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने सांगितलं की ह्या शिक्क्याचं अंडं गरोदर बायकांनी, लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनीसुद्धा कच्चं किंवा अर्धकच्चं खाल्लं तरी चालेल. करीबाईंच्या त्या वाक्यापासून इथे पोचायला जवळपास तीस वर्षं लागली.

आता डेन्मार्क. तिथे डुकराचं मांस हा मोठा धंदा, आणि १९९३ मधे त्यातूनच साथ आली, इन्फँटिस प्रकाराची. त्यांनी १९९५ पासून एक भारी पद्धत काढली. कत्तलखान्यात स्नायूचा छोटा तुकडा घ्यायचा, फ्रीज करायचा, परत वितळू द्यायचा, जो रस निघतो त्यात अँटिबॉडी आहेत का बघायचं. त्यावरून प्रत्येक फार्मला एक, दोन किंवा तीन अशी पातळी. तिसऱ्या पातळीवाल्याची डुकरं वेगळी, जास्त काळजीने कापायची आणि त्याचे पैसे कापायचे. शेतकऱ्याला भाषण द्यायची गरजच नाही, बिलात दिसतं. शिवाय माणसात सापडलेले प्रकार आणि डुक्कर, कोंबडी, अंडी ह्यांच्यात सापडलेले प्रकार शेजारी ठेवून ते दरवर्षी सांगतात की यंदा किती लोक कशामुळे आजारी पडले असावेत. त्यांनी मांडलेला २००१ चा हिशोब असा की नियंत्रणाचा खर्च १.४१ कोटी डॉलर, तो जवळपास सगळा धंद्याने उचलला, आणि समाजाचे वाचले २.५५ कोटी. खर्च करणारा एक आणि फायदा दुसऱ्याचा, हे मात्र नीट लक्षात घ्या, आपल्याकडे गाडी तिथेच अडते.

युरोपियन युनियनने २००३ मधे ह्याचा कायदाच केला. निगेटिव्ह आला तर काही नाही, पण लेअरच्या शेडमधे एन्टेरायटिडिस किंवा टायफिम्युरियम हा दुसरा प्रकार निघाला की त्या शेडची अंडी टेबल एग, म्हणजे थेट खायची अंडी, म्हणून विकताच येत नाहीत, उष्णता प्रक्रियेच्या कारखान्यालाच जातात. पॉझिटिव्हनंतर काय करायचं हे आधीच ठरलेलं असणं महत्त्वाचं, कारण नुसतं सापडून काही होत नाही. २०२१ च्या डिसेंबरमधे बेल्जियममधल्या एका चॉकलेट कारखान्याला त्यांच्याच तपासणीत ताकाच्या टाकीत साल्मोनेला सापडला होता. त्यांनी साफसफाई केली, पुढचे नमुने निगेटिव्ह आले, माल शंभरहून जास्त देशांत गेला, आणि २०२२ मधे युरोपभर शेकडो लोक आजारी, त्यात लहान मुलंच जास्त. ब्रिटनच्या लॅबने जंतूंचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जुळवला म्हणून धागा लागला.

जीनोमचं आपल्याशी पण नातं आहे. २०१२ मधे अमेरिकेत भारतातून गेलेल्या ट्यूनाच्या किसातून चारशेच्या वर लोक आजारी पडले, प्रकार साल्मोनेला बरेली. पुढे जीनोम लावला तर तो त्याच भागात काही किलोमीटरवर प्रक्रिया झालेल्या कोळंबीच्या जुन्या नमुन्याशी जुळला. मसाल्यांचं पण तेच, २००७ ते २००९ मधे अमेरिकेने तपासलेल्या आयात मसाल्यांच्या लॉटपैकी ६.६ टक्क्यांत साल्मोनेला होता आणि भारतीय माल त्यात ठळक. म्हणजे आपल्या मालाची सगळ्यात कडक तपासणी परदेशातल्या बंदरावर होते, आणि ही मला तरी लाजिरवाणी गोष्ट वाटते. आपल्याकडे प्रकार ओळखणाऱ्या चांगल्या जुन्या संस्था आहेत, माणसांच्या नमुन्यांसाठी कसौलीला, जनावरांच्या नमुन्यांसाठी बरेलीजवळ इज्जतनगरला. पण त्यांच्याकडे जे पाठवलं जातं तेच त्या तपासणार. प्रत्येक लेअर शेडमधून ठराविक आठवड्यांनी नमुना घ्यायचाच, असा बंधनकारक देशव्यापी कार्यक्रम आपल्याकडे नाही. आणि उद्या आणला तरी पॉझिटिव्ह निघालेल्या शेतकऱ्याच्या अंड्यांचं काय, पैसे कोण देणार, हे आधी ठरवलं नाही तर कोणी मोजा घालून शेडमधे येऊ देणार नाही, आणि त्यात शेतकऱ्याची चूक पण नाही.

चिठ्ठी आलीये, मग हाफफ्राय खायचा का? धडधाकट माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर खावा, पण घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, केमो चालू असलेला पेशंट असेल तर त्याला पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवूनच द्या, आतपर्यंत ७० डिग्री दोन मिनिटं मिळाली की साल्मोनेला संपतो. मेयोनीज कच्च्या अंड्याचं नको, केरळने २०२३ मधे आणि तेलंगणाने २०२४ मधे त्यावर बंदी घातली ती उगाच नाही. आणि अंडी आणल्यावर धुवायची का, तर नको, कवचावरचा नैसर्गिक थर जातो, आणि जो आधीच आत बसलाय त्याला तुमच्या नळाच्या पाण्याने काहीच होत नाही.